मगर ती असते, हेमंत

हेमंत, माझ्या आवाजाबद्दल तू मेल्यावर बायकोमार्फत निरोप पाठवणार आहेस हे मला आधी माहीत असतं, तर तू जिवंत असतानाच मी तुझी गचांडी धरली असती.

पारुलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तू गेल्याचं आदल्या दिवशी जिग्नेशने कळवलं होतं. सकाळी कामावर निघताना बूट घालायला वाकलास आणि तसाच कलंडलास. चाळिशीसुद्धा गाठली नाहीस. पारुल रडत नव्हती, फार रडून झाल्यावर माणसं बोलतात तशी सपाट बोलत होती. "मेधाबेन, गुरुवारे बेसणुं छे. ते नेहमी म्हणायचे, माझ्या बेसण्यात भजनवाले नको, आमचं 'मगर' पाहिजे. भजनवाल्यांना तर अप्पांनी सांगून टाकलंय. पण एक ते पण होऊ दे. तुम्ही गाशो ने?"

आपल्या शोकसभेत काय गावं हे तू चेष्टेत म्हणाला असशील. जेवताना, तोंडात घास असताना. पण माणूस गेला की त्याची चेष्टा ही त्याची शेवटची इच्छा होते, आणि ती पुरी करायला दुसऱ्याला पळावं लागतं. जे गाणं तू मला एकदाही गाऊ दिलं नाहीस, ते मी तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर गायचं! मी पारुलला हो म्हटलं नाही, नाहीही म्हणवेना. फोन ठेवला तेव्हा आधी आला तो राग. दुःख नंतर आलं, आणि आलं तेही भांडतच.

गुरुवार काल होऊन गेला. म्हणून आज हे लिहायला बसले आहे. कोणी तुझ्याबद्दल चांगलं लिहिणार असेल तर लिहू दे. काल बेसण्यात सगळे म्हणत होतेच, माणूस किती शांत. शांत कसला? तू मुलखाचा हेकट होतास.

आपलं सगळं त्या कॅसेटपासून सुरू झालं. बडोद्याच्या आपल्या कॉलेजच्या होस्टेलमधला एक मॉरिशसचा विद्यार्थी घरी परत जाताना सामान वाटत होता, त्यात ती तुला मिळाली. वर नाव नाही, गाव नाही. तुझ्या टेपरेकॉर्डरचा आतला पट्टा तुटलेला होता आणि दुरुस्तीवाला आज ये, उद्या ये करत होता. तेव्हा तू मांडवीतून आणलेल्या लिल्या, म्हणजे ओल्या, चिवड्याच्या पुड्याचं रबर काढलंस आणि पट्ट्याच्या जागी ताणून बसवलंस. टेप चालू झाला. मला, जिग्नेशला बोलावलंस, डोळे मोठे करून म्हणालास, "ऐका. हे काहीतरी वेगळंच आहे यार."

होतंच वेगळं. गिटार जमिनीखालून वाजत होती. ड्रमवाला दोन ठोक्यांमध्ये जणू चहा पिऊन येत होता. सगळा आवाज मधूनच डुलायचा, आणि त्यावर एक माणूस जाड, भरलेल्या गळ्याने गात होता. इतक्या खालच्या सुरात इतकं दुःख मी कधी ऐकलं नव्हतं. जिग्नेश म्हणाला, "आ तो एकदम ढीलू छे." त्याला नावं ठेवायची होती. तुला तो शब्द इतका आवडला की आपल्या संगीताचं नावच ढिलू पडलं. त्याला जगात डूम मेटल म्हणतात हे पुढे कितीतरी वर्षांनी तू सायबर कॅफेत वाचून आलास आणि मुलगा झाल्यासारखा पेढे घेऊन माझ्या घरी आलास.

एकदा तुझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्याच टेपवर आपलं नाट्यगीत लावलं होतं. अर्ध्या मिनिटात बंद करून म्हणाले, "ह्या गायकाला ताप आलाय काय?" आपण तिघं पोट धरधरून हसलो. गायकाला नाही, टेपला ताप आलाय, एवढं साधं आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती कॅसेट तू कोणाला हात लावू देत नव्हतास, त्यामुळे ती दुसऱ्या टेपवर कधी वाजलीच नाही.

तू गिटारच्या तारा इतक्या उतरवल्यास की त्या कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या. जिग्नेशला ड्रमवर बसवलंस, मला बेस गिटार दिलीस, कारण ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी सतार शिकत होते. तुझा हिशेब असा की हिला सात तारा येतात, मग चार येतीलच. प्रतापनगरला जिग्नेशच्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमागे पत्र्याची खोली होती, तिथे दुपारी आपण वाजवायचो. त्याचे वडील वर्कशॉपमधून येऊन झोपायचा प्रयत्न करायचे. एकदा दारात येऊन हात जोडून म्हणाले, "बेटा, मी दिवसभर हाच आवाज ऐकून येतो."

लोक मला विचारायचे, ह्यात आहे तरी काय? मी तेव्हा उत्तर द्यायचे नाही. आज देते, पण तुझ्यावर उपकार म्हणून नाही. त्यात एक सूर वाजवायचा आणि तो विझेपर्यंत थांबायचं असतं. विझता विझता तो वाकतो, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी अडकतो आणि तिथेच राहतो. सतारीवर मींड काढताना ती जागा मी रोज ओलांडत होते. तिथे मुक्काम करता येतो हे मला तुझ्या त्या उतरलेल्या तारांनी दाखवलं. मे महिन्यात पत्रा तापलेला, तेच तेच चार सूर फिरून फिरून येतायत, खर्ज पायांतून चढून बरगड्यांत बसतोय. कितव्यातरी फेरीला आपण वाजवतोय की नुसतं ऐकतोय हे कळेनासं व्हायचं. खोली सरकायची. आणि नशा म्हणाल तर आपण फार तर उसाचा रस प्यायलेलो असायचो. बाहेर सगळ्या बडोद्याला घाई झाली होती. घरोघरी केबल आली होती, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी अमेरिकेला निघालेलं होतं. आईबाप मुलांना दिसेल तिथे विचारत होते, तू पुढे काय करणार? त्या खोलीत पुढे काही नव्हतंच. तू म्हणायचास, "सगळे पळतायत ना? पळू दे. आपण बसू."

मी म्हणायचे, तू आळशी आहेस आणि आळसाला वजन म्हणतोस. अजूनही तेच म्हणते. शिवाय हेही म्हणते की ते संगीत तुझ्यासारख्या माणसाच्या फार सोयीचं आहे. मनातलं बोलायचं नाही, नुसता अ‍ॅम्प्लिफायर वाढवायचा. समोरच्याने काय ते समजून घ्यावं.

'मगर' त्यातूनच झालं. विश्वामित्री नदीच्या पुलावर आपण स्कूटर थांबवून खाली बघत होतो. काठावर मगर नेहमीसारखी पडलेली, तोंड उघडं. अकोट्याकडे जाणारी माणसं थांबायची, बघायची, कंटाळून निघून जायची. तू तिथेच गुणगुणायला लागलास:

मगर पडला आहे, ऊन खातो आहे,
पाणी निघून जातं, तो बघतो आहे.

मी म्हटलं, "पडली आहे. मगर ती असते."

"बडोद्यात तो असतो. आखा गाम मगर पड्यो छे म्हणतं."

"तू गुजरातीत गातोयस का मराठीत?"

"मी बडोद्याचं गातोय. आणि पडली, खाते, बघते... ह्यात वजन जातं ग. पडला म्हण. बघ कसं बसतं."

तेव्हा मला हसू आलं होतं. तू वजन कशाला म्हणतोस ते मला गणपतीत कळलं. दांडिया बाजारातल्या मंडळाने कार्यक्रम दिला होता आपल्याला, बहुधा 'मगर' हे नाव ऐकून बालनाट्य समजले असावेत. आपण 'मगर' सुरू केलं. पोरं नाचायच्या तयारीत उभी होती, ती तशीच उभी राहिली. कोणीतरी मागून हिंदीत ओरडलं, "मगर क्या? आगे तो बोलो!" पहिल्या रांगेतल्या एका काकांनी बराच वेळ ऐकून शेजाऱ्याला विचारलं, "अहो, हे सुरू कधी होणार?" आणि मग मंडळाच्या एका ताईंनी मंचाखाली तुला विचारलं की ही मुलगी गाण्यातली दिसते, ही का नाही गात. मी तिथेच उभी होते, बेस गळ्यात. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालास, "बाईचा आवाज ह्याला चालत नाही. ह्याला वजन लागतं."

मी घरी त्या कॅसेटमधल्या माणसासारखं गाऊन बघत होते, हे तुला माहीत होतं. तूच एकदा दाराबाहेर उभा राहून ऐकलं होतंस आणि आत आल्यावर विषय बदलला होतास. त्या दिवशी तुझ्या एका वाक्याने माझा गळा मिटला. मी वाजवत राहिले, पण त्यानंतर तुझ्यासमोर कधी गुणगुणलेसुद्धा नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, आणि याचा मला जास्त राग आहे.

मग पुण्याला मावसभावाकडे मी ती रेकॉर्ड ऐकली. तो अमेरिकेहून सीडी घेऊन आला होता, घरभर मोठ्याने लावली होती. मी पोहे खात होते. दुसरं गाणं सुरू झालं आणि माझा चमचा थांबला. सूर ओळखीचे, जागा ओळखीच्या, पण सगळं तुरुतुरु चाललेलं. साधा, चपळ, हसत खेळत वाजवलेला ब्लूज. डुलणं नाही, खर्ज नाही. आणि गात होती एक बाई. मोकळ्या, उंच गळ्याची. आपला तो जाड गळ्याचा दुःखी माणूस म्हणजे ही बाई होती, हेमंत. टेप हळू फिरवून तिला तुझ्या चिवड्याच्या रबराने पुरुष करून टाकलं होतं. तू वर्षानुवर्षं छाती फुगवून, हनुवटी गळ्यात खुपसून जिची नक्कल करत होतास, ती बाई होती!

मी एकटीच इतकी हसले की मावशी धावत आली. पुढच्या खेपेला मावसभावाकडून मी तीच सीडी तुझ्यासाठी नवी कोरी मागवली. कव्हरवर तिचा फोटो होता, गिटार मांडीवर. तुझ्या घरी येऊन मी ती तुझ्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तू हसशील. खरंच वाटलं होतं. आपण दोघं लोळून हसू आणि मग तू म्हणशील, चल, आता तू गा.

तू सीडी उचललीस, फोटो बघितलास आणि ती टेबलावर पालथी ठेवलीस.

"फास्ट आहे?"

"आपल्यापेक्षा बरीच."

"मग ओरिजिनल चुकीचं आहे."

"आणि बाई?" मी विचारलं.

तू उठलास. "चहा घेणार?"

मी चहा घेतला नाही. बेस तुझ्याच घरी ठेवून निघाले आणि पुन्हा प्रतापनगरला गेले नाही. जिग्नेश दोन्हीकडे हेलपाटे घालून थकला. नंतर तू मकरपुऱ्याला नोकरीला लागलास, मी औषधांच्या कंपनीत, दोघांची लग्नं झाली. तू सायबर कॅफेतून पेढे घेऊन आलास तो एकदाच. मला वाटलं आता तरी बोलशील, पण तू डूम मेटलवर व्याख्यान देऊन गेलास. जगात किती लोक आपल्यासारखं वाजवतात, म्हणालास, म्हणजे आपण बरोबर होतो. पेढे बरे होते. मी तुला दारापर्यंत सोडायला आले नाही.

बेसण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या घरी गेले ती नाही सांगायला. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. पारुलने मला आतल्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि ती सीडी माझ्या हातात दिली. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत तू ती एकदाही ऐकली नव्हतीस. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "बघ, हा असा होता तुझा नवरा."

पारुल पलंगावर बसली. ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मी पण एकदा विचारलं होतं, फोडत का नाही? तर म्हणाले, मेधा साची छे. एटले ज नथी सांभळवी."

मेधाचं खरं आहे, म्हणूनच ऐकायची नाही.

तुला सांगते, हे ऐकून माणसाचं मन वगैरे विरघळतं म्हणतात, तसं काही झालं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला कळलं होतं! पहिल्या दिवसापासून कळलं होतं. आणि ते तू बायकोला सांगितलंस, अंथरुणात पडल्या पडल्या, दिवा मालवता मालवता. मी अकोट्यात राहते, हेमंत, नदीच्या पलीकडे. स्कूटरने यायला असा किती वेळ लागतो? पेढे घेऊन येता आलं, हे सांगायला येता आलं नाही. तू मला चुकीची ठरवलं असतंस तर मी भांडले असते आणि सोडून दिलं असतं. तू मला बरोबर ठरवलंस आणि ते कपाटात ठेवलंस.

पारुल म्हणाली, "गाशो ने?" मी म्हटलं, गाते. तुझ्या इच्छेसाठी नाही. मला ते गाणं हवं होतं.

काल हॉल भरलेला होता. आपल्या मराठी घरांत मुळात बेसणं नव्हतं, पण इतक्या पिढ्या गुजरातेत काढल्यावर ते आपलंही झालं. पांढऱ्या चादरी, पांढरे कपडे, कोपऱ्यात हार्मोनियमवर भजनवाले. तुझा फोटो कोणत्यातरी लग्नातला, केस चापून बसवलेले. जिग्नेशने घराच्या माळ्यावरून नुसता मोठा ड्रम आणला होता आणि तो फोटोच्या बाजूला घेऊन अवघडून बसला होता. भजनवाले चहाला उठले. पारुलने माझ्याकडे बघून मान हलवली.

मी जिग्नेशला म्हटलं, "धीमू वगाड." तो म्हणाला, "केटलुं धीमू?" मी म्हटलं, हेमंत वाजवायचा त्याहून संथ. त्याने एक ठोका दिला. चादरीखालच्या फरशीतून तो माझ्या पायात आला, आणि मी तो पूर्ण विझू दिला. मग गायले. माझ्या आवाजात, माझ्या पट्टीत, हनुवटी वर ठेवून.

मगर पडली आहे, ऊन खाते आहे,
पाणी निघून जातं, ती बघते आहे.

एक गोष्ट तुला द्यावी लागेल, आणि ती देताना माझ्या जिवावर येतंय. संथच बरोबर होतं. त्या बाईच्या वेगाने हे गायलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि संपलं असतं. काल कोणी मान डोलावली नाही. दोन ओळींच्या मधे इतकी जागा होती की प्रत्येकाला तिथे आपापलं माणूस आठवत असावं. एक बाई पदराने डोळे पुसत होत्या, त्या तुला ओळखतही नव्हत्या. पारुल त्या जागेत पहिल्यांदा मोठ्याने रडली. आणि वजन म्हणशील तर ते माझ्या आवाजात होतं. सगळ्या हॉलने ऐकलं. तू ऐकलं नाहीस. तेवढ्यासाठी तरी थांबायचं होतंस, गाढवा. मला तुझी आठवण येते आणि ती येते तेव्हा तुला दोन थोबाडीत द्यावीशी वाटतात.

गाणं संपल्यावर कोणाला काय करावं कळेना. टाळ्या वाजवता येत नव्हत्या. अप्पाच घसा खाकरून बोलले, "पडली. स्त्रीलिंगी. ह्या मुलाला किती वेळा सांगितलं मी." आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. भजनवाले परत आले आणि हार्मोनियम सुरू झाली.

बेसण्यातून उठताना कोणी निरोप घेत नाही. गुजराती माणसं आवजो म्हणत नाहीत, आपणही 'येते' गिळून टाकतो. अशा घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. फोटोला हात जोडायचे आणि मुकाट्याने चपला शोधायच्या. मी चपला शोधत होते. अप्पा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले.

"मेधा," ते म्हणाले, "ये हं पुन्हा. गात जा."

शेजारच्या काकू दचकल्या. "अहो अप्पा, आज असं म्हणू नये."

"माहितीय मला," अप्पा म्हणाले.

मी सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हटलं, "येते, अप्पा."

'गात जा.' दोनच तर शब्द होते, हेमंत. पोटचा मुलगा गेला त्याच आठवड्यात तुझ्या बापाला ते म्हणता आले.